देव नसलेले कागद

१० मार्च

सेजलने तिच्या लॅबमधून ही डायरी आणून दिली. औषधाच्या कंपनीने वाटलेली, कव्हरवर गोळ्यांचं चित्र. म्हणाली, "आई, दिवसभर भांड्यांशी बोलतेस, त्यापेक्षा ह्यात लिही." मी म्हटलं, भांडी निदान उलटून बोलत नाहीत. पण बसले लिहायला, कारण मनात आहे ते घरात बोलायची सोय नाही. बोलले की हे म्हणतात, "झालं तुझं सुरू?" हे म्हणजे विनोद, माझा नवरा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जातात. शिफ्टवरून आले की त्यांना शांतता लागते, आणि मला नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

तर सेजलचं लग्न ठरलं आहे. मे महिन्यात. मुलगा ओम, ह्यांच्याच कंपनीत फिटर. घर शिवथरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत. आईबाप मुंबईला. वरचं घर, गुरं, शेती सगळं त्याच्या आजीच्या, रंगूबाईच्या हुकमात. मुलगा गुणी आहे, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझी धास्ती वेगळीच आहे.

दोन वर्षांपूर्वी सेजलचा साखरपुडा झाला होता, दुसरीकडे. पूजेचा नारळ फोडला आणि तो आतून नासका निघाला. असा वास सुटला की भटजींनी उपरणं नाकाला लावलं. पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा फोन. "घरातली मोठी माणसं नको म्हणतात." झालं, मोडलं. एका नारळापायी! सेजल दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन कामाला गेली. मीच अंथरूण धरलं. आता ह्या वेळी कुठे म्हणून काही वाकडं व्हायला नको. देवाकडे माझं एवढंच मागणं आहे.

आणि रुखवत भाड्याने आणायचं नाही, हे आज ठरवून टाकलं. महाडला दुकानात अख्खं रुखवत भाड्याने मिळतं. प्रत्येक लग्नात तोच प्लास्टिकचा राजहंस, तीच त्याची मोडकी चोच. माझ्या मुलीच्या रुखवतात मी कागदाचे हंस मांडणार. टाकाऊ कागदाचे, घड्या घालून, डिंकाचा थेंबही न लावता. मोबाइलवर बघून शिकले आहे. हे म्हणाले, "कागदाचे हंस? पाऊस आला मंग?" मे महिन्यात पाऊस! ह्यांना शुभ बोलायला काय होतं?

१६ मार्च

आज नाथूभावजींकडे जाऊन आले. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, महाडला त्यांचा छापखाना आहे. चुकलेले, उरलेले कागद त्यांच्याकडे ढीगभर. त्यांनी मला हवे तसे छोटे आयताकृती तुकडे मशिनवर कापून गोणी भरून दिली. एका तुकड्याचा घडी घालून एक त्रिकोण होतो. त्याला पुढे दोन टोकं, मागे दोन खिसे. एकाची टोकं दुसऱ्याच्या खिशात खोचत जायचं. असे शेकड्याने त्रिकोण एकमेकांना धरून बसले की हंस उभा राहतो.

घरी येऊन गोणी ओतली आणि कप्पाळ माझं! सगळ्या लग्नपत्रिका. तुकड्यातुकड्यावर गणपती. कुठे सोंड, कुठे मोदक, कुठे कुलस्वामिनी. देवाच्या अंगाला घडी कशी घालायची? त्याला टोकाने टोचून दुसऱ्याच्या खिशात कोंबायचं का? छे. देवाचे सगळे तुकडे वेचून नदीला सोडायला वेगळे ठेवले, तर उरलं मूठभर.

तशीच पुन्हा महाडला गेले. "भावजी, मला देव नसलेले कागद द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "देव नसलेले? नक्की ना वयनी?"

"नक्की म्हणजे काय, अगदी नक्की."

"मंग हायत पुष्कळ," म्हणाले आणि आतल्या खोलीतला गठ्ठा काढून मशिनवर कापून दिला.

काय कागद आहे तो! पांढराशुभ्र, जाडसर, घडी घातली की घातली. एकावरही देव नाही, साधा श्रीसुद्धा नाही. काही तुकड्यांना एका बाजूने काळी किनार आहे. आधी वाटलं ती आत दडवावी. मग एक बाहेर ठेवून पाहिली, तर पंखावर काजळाची बारीक रेघ ओढल्यासारखी दिसते. झकास. सगळ्या किनारी पंखांनाच लावणार.

२३ मार्च

बोटं दुखतात पण हात थांबत नाहीत. घडी घालताना तुकड्यावरचं वाचायची सवय लागली आहे. पूर्ण वाक्य कुठेच सापडत नाही. "समस्त परिवार", "आप्तेष्ट व मित्रमंडळी", "सकाळी ठीक". एका तुकड्यावर "नदीघाट" होतं. आता नदीच्या घाटावर कोणी लग्न ठेवलं म्हणते मी? उन्हात दगडांवर वऱ्हाड बसवलं असेल. हौस असते एकेकाला.

सेजल शेजारी बसून घडी घालत होती. तिने तो तुकडा माझ्या हातातून घेतला. मग गोणीतले आणखी चार उलटेपालटे करून पाहिले.

"आई, हे कागद कसले आहेत गं?"

"जाड आहेत."

"तसं नाही. तू नीट बघितलेस का?"

"बघितले म्हणूनच घेतले. एकावरसुद्धा देव नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ओढणी तोंडावर धरून बाहेर पळाली आणि अंगणात ओमला फोन लावून खिदळत बसली. हल्ली हिला कशाचंही हसू येतं. लग्न ठरलं की मुली अशाच होतात. मी मेली गाणं गुणगुणत पुढच्या घड्या घालत बसले.

६ एप्रिल

आज रंगूबाई येऊन गेल्या.

बायजाआक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या जावेने, आधीच मला घाबरवून ठेवलं होतं. म्हणे ह्या रंगूबाईने एकदा वऱ्हाडाची जीप घाटात बंद पडली तर अपशकुन झाला म्हणून अख्खं वऱ्हाड माघारी फिरवलं होतं. "लई कडक बाय हाय हो. मांजर आडवं गेलं तरी खाली बसते." मी सकाळपासून अंगणातली मांजरं हाकलत होते.

ओमच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या. सत्तरी उलटलेली, अंगाने काटक, आवाज असा की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. ओटीवर माझा अर्धा झालेला हंस होता. तो उचलून म्हणाल्या, "ह्यो काय कोंबडा केलास, इनबाय?" इनबाय म्हणजे विहीणबाई, मी.

"हंस आहे, आजी."

"बरं, हंस." मग पंखावरच्या काळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. "हे काळं मात्र बरं केलंस."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्या सेजलला म्हणाल्या, "चल गो, तुमचा गोठा दाव," आणि दोघी मागे गेल्या. चहा गार झाला तरी येईनात. मी खिडकीतून पाहिलं. सेजल हात हलवून हलवून काही सांगत होती आणि म्हातारी भुवया आक्रसून ऐकत होती. हिने काही उलटसुलट बोलून ठेवलं नाही ना? एवढ्यात रंगूबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की गोठ्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. माझ्या हंसाला कोंबडा म्हणाल्या, त्याचंच हसत असणार दोघी. हसू देत. हसणारं माणूस लग्न मोडत नाही.

जाताना मला म्हणाल्या, "तुझी लेक खरी हाय, इनबाय." कामाला वाघ आहे असं म्हणायचं असेल.

१९ एप्रिल

दोन्ही हंस पुरे झाले! ओटीवर जोडीने मांडले आणि लांब उभी राहून बघत बसले. माना कशा बाकदार, पंखांवर त्या काळ्या रेघा. माझंच मला खरं वाटेना. फोटो काढून आमच्या मुंबईच्या मंडळींना पाठवला. एका मावस नणंदेने विचारलं, "कितीला विकत घेतले?" त्या एका प्रश्नाने माझ्या बोटांचं दुखणं थांबलं. हे शिफ्टवरून आले, हंसांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "उभे राहिले की गो." ह्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

२७ एप्रिल

देवा रे देवा.

दुपारी कोणीतरी मोटारसायकलवरून पत्रिका देऊन गेलं. ह्यांच्या लांबच्या चुलत्यांचं दहावं. ह्यांनी अंगणात उभ्याउभ्याच वाचली आणि आपल्यात रीत आहे तशी लगेच टराटरा फाडून टाकली. मौतीची पत्रिका उंबऱ्याच्या आत येत नाही. तुकडे अंगणात पडले म्हणून मी झाडू घेऊन गेले. एक तुकडा उचलला. पांढराशुभ्र, जाडसर, एका बाजूने काळी किनार. त्याच्यावर लिहिलेलं, "नदीघाट".

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच की माझा कागद अंगणात कसा आला.

मग लख्ख कळलं. झाडू टाकून तिथेच बसले. नदीच्या घाटावर लग्न म्हणे! अगं बावळट बाई, घाटावर काय होतं ते तुला माहीत नाही? किती जणांच्या दहाव्याला तू स्वतः गेली आहेस? आणि श्रीसुद्धा नाही म्हणून खूश झाले होते मी. मौतीच्या कागदावर श्री नसतो हे शाळकरी पोरगंही सांगेल. माझ्या मुलीच्या रुखवतातले हंस मी मेलेल्या माणसांच्या कागदांचे केले. आणि उंबऱ्याबाहेर फाडून टाकायचा कागद महिनाभर घरात मांडीवर घेऊन बसले.

नासक्या नारळावर लग्न मोडलं होतं. हे कळलं तर रंगूबाई काय करतील?

कोणालाही सांगितलेलं नाही. हंसांवर चादर टाकली आहे.

२८ एप्रिल

नाथूभावजींवर तोंडसुख घ्यायचं म्हणून महाडला गेले. त्यांनी शांतपणे खुर्ची दिली.

"वयनी, मी तुम्हाला इचारलं होतं ना, नक्की का म्हणून? लग्नपत्रिकेवर देव असतोच. देव नसलेली पत्रिका म्हंजे मौतीचीच. लग्नाच्या उरल्या तर लोक मागून नेतात. मौतीच्या उरल्या तर कोण हात लावत नाय, सगळ्या हितंच सोडून जातात. मला वाटलं, शाळेच्या प्रदर्शनाला पायजेत."

आता त्यांच्यावर चिडू तरी कशी? देव बाजूला काढणारी मी. देवाला घडी घालायची नाही म्हणून एवढी सोवळी झाले, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पडले. त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, कोरा कागद म्हणून हँडबिलांचे रंगीत गठ्ठे दिले. लग्न दहा दिवसांवर आलं आहे.

२ मे

हँडबिलाचा कागद म्हणजे पापडासारखा. त्रिकोण होतो, पण खिशात टोक धरत नाही. एक हंस उलगडून त्याच्या खालच्या रांगा नव्या कागदाने बांधल्या, वर मान चढवली, तर हंस हळूहळू पुढे झुकत गेला आणि पाण्यात चोच घालावी तसं जमिनीला तोंड लावून बसला. वहीचे कागद घेतले, ते मऊ. कॅलेंडरचा कागद घट्ट आहे, तर त्याच्यावर पुन्हा देव!

शेवटी एक तोड काढली. काळ्या किनारीचे सगळे तुकडे उपसून काढायचे आणि त्यांच्या जागी बिनकिनारीचे खोचायचे. खालच्या रांगा जुन्याच कागदाच्या राहू देत, त्यांच्याशिवाय हंस उभाच राहत नाही. छापलेली बाजू आत आहे, वरून नुसतं पांढरं दिसतं. रंगूबाईंना वाचता येत नाही. बाकीचं कोण बघायला बसलंय?

हे लिहिताना मला बरं वाटत नाही आहे. पण मी काय करू?

आक्का डोकावल्या. "चांगला झालेला हंस कशाला गो मोडतेस?" मी म्हटलं, उंदरांनी कुरतडला. संध्याकाळी त्यांनी त्यांचा बोका आणून आमच्या घरात सोडला. आता तो हंसांच्या शेपटीवर झेप घेतो, त्याला राखत बसायचं नवीन काम.

५ मे

ह्यांना सांगावं लागलं. मी हंसाच्या अंगातून काळे तुकडे काढत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ह्यांनी पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील.

"सांगून टाक रंगूबाईला," म्हणाले.

"तुम्हाला नारळ आठवत नाही का?"

"आठवतो की. कधीकधी वाटतं, त्या नारळानं आपली पोर वाचवलीन. नारळावर मोडणारी माणसं पुढं काय उजेड पाडणार होती?"

पुरुषांना असं बोलायला जातं काय? वऱ्हाड मांडवातून परत गेलेल्या मुलीकडे लोक कसे बघतात ते ह्यांना कंपनीच्या बसमधून दिसत नाही. मी म्हटलं, एक शब्द बोललात तर बघा.

मग सेजल आली. काढलेल्या काळ्या तुकड्यांचा ढीग बघून म्हणाली, "अगं, रेघा काढू नकोस ना आई. आजींना आवडल्या होत्या त्या."

"लग्नात काळं कशाला? तुला काय कळतं!" मी खेकसलेच तिच्यावर. तीन दिवसांनी सासरी जाणाऱ्या मुलीवर.

ती आत गेली. तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे बसली आणि माझ्या डोक्याला तेल चोळत राहिली. "आई, तू घाबरू नको गं." मी म्हटलं, मी कशाला घाबरू? मला काय झालंय घाबरायला?

९ मे

काल लग्न झालं. झालं! आज अंग मोडून आलं आहे, पण सगळं लिहिल्याशिवाय मला झोपायचं नाही.

आमच्या वाडीच्या देवळासमोर मांडव होता. एका बाजूला रुखवत मांडलं. लाडू, करंज्या, चकल्या, कुरडया, आणि मधोमध दोन पांढरेफेक हंस. बायका गर्दी करून फोटो काढत होत्या आणि मी हंसांसमोर पहारेकऱ्यासारखी उभी. अक्षता पडल्या. मला वाटलं, सुटले. जेवणं झाली की रुखवत भरायचं आणि दोरीने बांधून गाडीत टाकायचं.

एवढ्यात रंगूबाई आल्या. मागे त्यांच्या वाडीच्या साताठ बायका. रंगूबाईंनी हंस दोन्ही हातांत उचलला, इकडून बघितला, तिकडून बघितला. चेहरा उतरला.

"काळी रेघ कुठं गेली?"

"ते... कागद संपले आजी."

"संपले? तवा तर होती. माझ्या डोळ्यानं बघितलेली." त्यांनी हंस उपडा केला आणि खालच्या रांगेतला एक तुकडा नखाने खेचून काढला. त्यांनी घडी उलगडून तो माझ्यापुढे धरला. "कागद तर तोच दिसतोय. काय लिवलंय? वाच."

सगळ्या बायका पुढे सरकल्या. आक्का तोंडाला पदर लावून उभ्या. मी तुकडा घेतला. "कुलस्वामिनी प्रसन्न" अगदी जिभेवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, आणि कोणाला कधी कळलं नसतं. समोर खुर्चीत सेजल बसली होती, मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडे बघत. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याने खोटं बोलवेना.

"दिवसकार्य असं लिहिलंय," मी म्हटलं. "दहाव्याच्या पत्रिकांचे कागद आहेत हे, आजी. सगळा हंस त्याचाच आहे. मला माहीत नव्हतं, देवाशपथ. कळलं तेव्हा नवीन करायला गेले तर उभाच राहिना. काय शिक्षा करायची ती मला करा. माझ्या पोरीचा ह्यात काही दोष नाही."

"ते मला ठाव हाय गो," रंगूबाई म्हणाल्या. "तुझ्या लेकीनं कवाच सांगितलंन. मी इचारते, रेघ कुठं गेली?"

मी पदराने डोळे पुसले.

"सगळं पांढरं, गुलाबी, चकचकीत करून ठेवतात. नजर लागंल का नाय? काळी तीट पायजे. मी आमच्या वाडीवर सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आमच्या इनबायने हंसाला काजळ घातलंय म्हणून. आणि तू पुसून टाकलंस!"

मागच्या बायकांतली एक हळूच म्हणाली, "पण आत्ते, मौतीचे कागद..."

"मंग? लग्नाचं पयलं आवतण आपण कुणाला देतो? आपल्याच गेलेल्या माणसांना ना? मंग त्यांचे कागद आले तर काय बिघडलं?" त्यांनी हंस पुन्हा मेजावर ठेवला. "आन तू रडतेस कशाला इनबाय? पुसली तर काजळ आण, बोटानं ओढू."

खरोखरच काजळाची डबी आणली कोणीतरी. रंगूबाईंनी दोन्ही हंसांच्या पंखांवर बोटाने रेघ ओढली आणि उरलेलं काजळ माझ्या कानामागे लावलं. मला धीर आला तसं मी विचारलंच, घाटातून वऱ्हाड माघारी नेलं होतं ते खरं का?

"खरं हाय. जीपचं इंजिन गेलेलं. वऱ्हाड काय डोक्यावर उचलून नेऊ?"

पाठवणीच्या आधी सेजलला आत नेऊन विचारलं, कधी सांगितलंस त्यांना?

"त्या आल्या होत्या ना, गोठ्यात. कागदांचं सांगितलं आणि नारळाचंही सांगितलं. म्हटलं, आजी, असल्या गोष्टींवरून मागे फिरायचं असेल तर आजच फिरा, मांडवात नको."

"आणि मला का नाही सांगितलंस गं? मी इकडे मेले ना रोज!"

"तू गाणं म्हणत होतीस, आई. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग माझ्याने नाही सांगवलं. आणि तुला कळलंय हे मला कळलं तेव्हा तू काही बोलूच देत नव्हतीस."

मी तिला जपतेय, जपतेय म्हणत होते, आणि ती आपली स्वतःचं सगळं निस्तरून वर मलाच जपत होती. तिला मिठी मारली तर तिच्या मळवटाचं कुंकू माझ्या साडीला लागलं. ती साडी मी धुणार नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ओटीवर येऊन बसले. आक्का येऊन त्यांचा बोका घेऊन गेल्या. "उंदीर म्हणे!" जाता जाता म्हणाल्याच.

१७ मे

सकाळी सेजलचा फोन. नुसतं हसू ऐकू येत होतं, शब्द फुटत नव्हता.

"आई, हंस... हंस ओटीवर मांडले होते ना... बकरीने एक खाल्ला. मान, चोच आणि अर्धी पाठ."

माझ्या हातातली पळी खाली पडली. जोडीतला एक! लग्नाला दहा दिवस झाले नाहीत आणि जोडीतला एक बकरीने खाल्ला. मी फोन कानाला घट्ट लावला. पलीकडून रंगूबाईंचा आवाज येत होता, पण तो माझ्या मुलीसाठी नव्हता. त्या बकरीचा उद्धार चालला होता, तिच्या आईसकट. मग त्यांनीच फोन ओढून घेतला.

"इनबाय, कागद चांगला असणार गो. मेली अजून मागतेय. आता दुसऱ्याला मी भिंतीतल्या देवळीत उंच ठेवलाय. आन सेजलला सांग, भाकरी जळतेय, हसतेस काय!"

मागे सेजल आणि ओम दोघं हसत होते. भाकरीच्या करपण्याचा वासच यायचा राहिला होता. मला हसू आलं. इतकं आलं की भिंतीला टेकून खाली बसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. फोन केव्हाच बंद झाला होता.

हे शिफ्टला निघाले होते. अंगणातून डबा हातात घेऊन तसेच धावत आले. "काय झालं? सेजल बरी हाय ना?"

मी मान हलवली. बरी आहे. नुसती मान हलवत राहिले. बरी आहे, बरी आहे. खाली रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देत होती. ह्यांनी एकदा तिकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसले. बस निघून गेली तरी उठले नाहीत.